मेंडोटाच्या दगडी घरातली खतावणी : मिनेसोटातल्या मराठी शाळांना खुले पत्र

शिक्षक ताई-दादांनो आणि पालकहो,

स. न. वि. वि.

यंदा मोठ्या मुलांच्या वर्गाची सहल मेंडोटाला न्यायचं घाटतं आहे. मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमाजवळ हेन्री हेस्टिंग्ज सिबली याचं चुनखडी दगडाचं घर आहे. ते बघायचं, नदीकाठी डबे खायचे आणि संध्याकाळी परतायचं, असा बेत. सहलीच्या सूचनेत घराबद्दल एवढंच लिहिलं आहे : 'मिनेसोटा राज्याच्या पहिल्या गव्हर्नरचं घर'. त्यावरून पालकांच्या गटात दोन तट पडले. ज्याच्या लष्करी आयोगाने १८६२ साली डकोटा या इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या ३०३ माणसांना फाशी सुनावली, त्याच्या घरी मुलांना नेऊच नये, असं काहींचं म्हणणं. इतर म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरायचं? घर देखणं आहे, मुलांनी बघावं आणि यावं.

मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. सहल जरूर न्या. पण घरात पाऊल टाकण्याआधी मुलांना सांगा, की गव्हर्नरपद या माणसाकडे फार उशिरा आलं. त्याआधी वीसेक वर्षं इथे केसाळ कातड्यांच्या व्यापाराची कचेरी होती, आणि त्या कचेरीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती उधारीची वही. सिबलीचं राजकारण त्या वहीतून निघालं. गव्हर्नरपद आणि फाशीचा तख्ता यांच्यामधला धागाही तीच वही आहे. माझा पेशा हिशेब तपासण्याचा आहे, त्यामुळे माझं लक्ष तिकडे आधी जातं हे खरं. पण सिबलीचं चरित्र जितकं वाचत गेलो, तितकी माझी खात्री होत गेली, की मुलांना काही एकच शिकवायचं असेल तर ही वही शिकवावी.

सिबली गरिबीतून वर आलेला नव्हता. १८११ साली डेट्रॉइटमध्ये त्याचा जन्म झाला. वडील सॉलोमन सिबली हे मिशिगन टेरिटरीतलं बडं प्रस्थ, न्यायाधीश आणि काँग्रेसमध्ये त्या मुलखाचे प्रतिनिधी राहिलेले. टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा अजून न मिळालेला, वॉशिंग्टनच्या थेट अमलाखालचा मुलूख. तिथला गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमतो. लोक काँग्रेससाठी एक प्रतिनिधी निवडतात, पण त्या प्रतिनिधीला सभागृहात फक्त बोलता येतं, मत देता येत नाही. सत्ता अशा मुलखात कशी मुरते, हे सिबलीने लहानपणापासून घरातच पाहिलेलं होतं. वडिलांच्या इच्छेखातर त्याने थोडा कायदा वाचला, पण मन रमलं नाही. विशीच्या आतच तो उत्तरेला सू सेंट मेरी आणि मग मॅकिनॉ बेटावर अमेरिकन फर कंपनीत कारकून म्हणून गेला. १८३४ साली हर्क्युलिस डाउसमन आणि जोसेफ रोलेट यांच्याबरोबर भागीदारी करून तो मेंडोटाला आला. वय तेवीस. समोरच्या कड्यावर फोर्ट स्नेलिंग हा लष्करी किल्ला, खाली संगम, आणि सभोवार डकोटांचा मुलूख.

धंदा कसा चालत होता, ते इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

शरद ऋतूत व्यापारी शिकाऱ्याला माल उधार द्यायचा. घोंगड्या, बंदुका, दारू-शिसं, सापळे, भांडी, कापड. शिकारी हिवाळाभर रानात आणि पाणथळीत फिरायचा आणि वसंतात कातडी आणून खातं फेडायचा. या भागात नगांच्या हिशेबाने सगळ्यात जास्त कातडी यायची ती मस्करॅटची. हा पाणउंदरासारखा, दलदलीत राहणारा प्राणी. मालाचा भाव व्यापारी ठरवायचा, कातड्याचा भावही व्यापारीच ठरवायचा आणि वही त्याच्याच हातात. शिकार हुकली, शिकारी मेला, लंडन-न्यूयॉर्कला भाव पडला, तरी वहीतला आकडा तसाच राहायचा. हळूहळू शिकार घटली, आकडे फुगत गेले. आमच्या धंद्यात अशा येण्याला बुडीत म्हणतात. वसूल होण्याची आशा नाही म्हणून ते लिहून टाकावं लागतं.

डकोटा मुलखातल्या व्यापाऱ्यांना मात्र ते लिहून टाकायची गरज पडली नाही. शिकाऱ्याकडे कातडी उरली नव्हती, जमीन होती. ती सरकारला विकली तर त्याच्या हाती रोकड येणार होती आणि त्या रोकडीतून वहीतलं येणं कापून घेता येणार होतं.

याची पहिली चव १८३७ च्या करारात मिळाली. डकोटा पुढाऱ्यांना वॉशिंग्टनला नेण्यात आलं आणि मिसिसिपीच्या पूर्वेची त्यांची जमीन सरकारने घेतली. त्या करारात ९०,००० डॉलर निव्वळ व्यापाऱ्यांची देणी फेडण्यासाठी राखून ठेवले होते. फोर्ट स्नेलिंगचा इंडियन एजंट, म्हणजे मूळ रहिवाशांशी व्यवहार बघणारा सरकारी अधिकारी, लॉरेन्स टॅलिआफेरो याचं या व्यापाऱ्यांशी कधीच पटलं नाही. तो वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध लिहीत राहिला, शेवटी थकून राजीनामा देऊन गेला. व्यापारी तिथेच राहिले.

१८४२ साली अमेरिकन फर कंपनी बुडाली. सिबली सेंट लुईसच्या पिएर शूटो कंपनीशी जोडला गेला आणि तिचा देणेकरी झाला. ही गोष्ट सोडू नका. सिबली हा डकोटांना लुटून गब्बर झालेला सावकार, असं चित्र मुलांपुढे उभं केलं तर ते चुकीचं ठरेल. तो स्वतः एका साखळीतली कडी होता. त्याला वरच्याचं द्यायचं होतं, म्हणून खालच्याकडून वसूल करायचं होतं. आधी १८४१ साली विस्कॉन्सिन टेरिटरीचा गव्हर्नर जेम्स डोटी याने डकोटांशी केलेल्या कराराला सिबलीने जोर लावला होता. सिनेटने तो करार फेटाळला. त्यानंतर पुढच्या कराराची वाट बघणं आणि तो घडवून आणण्याजोगी जागा मिळवणं, हे दोन्ही सुरू झालं.

ती जागा कशी मिळाली, हे मुलांना सांगायला मजा येईल. १८४८ च्या मे महिन्यात विस्कॉन्सिन राज्य झालं आणि सेंट क्रॉइ नदीच्या पश्चिमेचा तुकडा अधांतरी राहिला. त्या ऑगस्टमध्ये स्टिलवॉटरला सभा भरली. विस्कॉन्सिन टेरिटरीतून राज्य वगळलं तरी टेरिटरी अजून शिल्लक आहे, असा युक्तिवाद तिथे मांडला गेला, आणि या शिल्लक तुकड्याचा प्रतिनिधी म्हणून सिबलीला निवडून वॉशिंग्टनला धाडलं. आता नकाशा काढून बघा. मेंडोटा मिसिसिपीच्या पश्चिमेला आहे. विस्कॉन्सिन टेरिटरी पूर्वेला होती. म्हणजे ज्या मुलखाचा तो प्रतिनिधी, त्यात त्याचं घरच नव्हतं! तरी १८४९ च्या जानेवारीत सभागृहाने त्याला आसन दिलं आणि ३ मार्च १८४९ ला मिनेसोटा टेरिटरी जन्माला आली. हे काम त्याने खरोखर चिकाटीने आणि हुशारीने केलं. नव्या टेरिटरीचा गव्हर्नर म्हणून अलेक्झांडर रॅम्झी पेनसिल्व्हेनियाहून आला, तेव्हा त्याला राहायला धड जागा नव्हती. त्याचं बिऱ्हाड पहिले काही आठवडे सिबलीच्या याच दगडी घरात होतं. वसाहतकऱ्यांची संख्या त्या वेळी पाच हजारही नव्हती. सगळे एकमेकांना ओळखत होते, आणि त्यातले निम्मेअधिक वजनदार लोक कधी ना कधी सिबलीच्या वहीत येऊन गेलेले.

काँग्रेसमध्ये सिबलीने १८५० साली एक भाषण केलं. मूळ रहिवाशांबद्दलच्या सरकारी धोरणावर त्याने कडाडून टीका केली. वसाहती त्यांना आगीच्या भिंतीसारख्या वेढत चालल्या आहेत, सलोख्याने आणि खऱ्या मैत्रीने वागला नाहीत तर लवकरच भीषण रक्तपाताला तोंड द्यावं लागेल, असं त्याने सभागृहाला बजावलं. बारा वर्षांनी ते शब्दशः खरं ठरलं. सिबली डकोटांबरोबर महिनोन्‌महिने शिकारीला गेलेला होता. त्यांनी त्याला नाव दिलं होतं. त्यांची भाषा त्याच्या कानावरची होती. रेड ब्लँकेट वुमन या डकोटा स्त्रीपासून त्याला १८४१ साली हेलन नावाची मुलगी झाली. दोन वर्षांनी त्याने फोर्ट स्नेलिंगच्या व्यापारी फ्रँकलिन स्टीलची बहीण सारा हिच्याशी लग्न केलं, पण हेलनला नाकारलं नाही. ती एका मिशनरी कुटुंबात वाढली, तिच्या खर्चाकडे त्याने लक्ष दिलं. एका डॉक्टरशी तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणानंतर लगेचच, १८६० साली, ती वारली. तेव्हा ज्या माणसांचं पुढे काय होणार हे सिबलीला दिसत होतं, ती माणसं त्याला परकी नव्हती. म्हणूनच मला त्याची गोष्ट एखाद्या क्रूर अडाण्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची वाटते.

भाषणानंतर वर्षभरातच १८५१ चे करार झाले.

ट्रॅव्हर्स दे स्यू इथे, म्हणजे आजच्या सेंट पीटर गावाजवळ, २३ जुलै १८५१ रोजी सिसिटन आणि वाहपेटन या डकोटांच्या दोन शाखांनी सही केली. ५ ऑगस्टला मेंडोटाला म्डेवाकांटन आणि वाहपेकुटे या दुसऱ्या दोन शाखांनी केली. सरकारतर्फे कमिशनर होते ल्यूक ली आणि गव्हर्नर रॅम्झी. दोन्ही मिळून सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन गेली. पहिल्या कराराची किंमत १६,६५,००० डॉलर, दुसऱ्याची १४,१०,०००. भागाकार मुलांकडूनच करून घ्या. एकरी तेरा सेंटसुद्धा पुरते पडत नाहीत. आणि तेही कागदावर. यातली मोठी रक्कम सरकारने स्वतःजवळ ठेवून पन्नास वर्षं तिचं ५ टक्के व्याज वाटायचं होतं. पन्नास वर्षांनी मुद्दल सरकारजमा. डकोटांच्या हाती मुद्दल कधी पडणारच नव्हतं.

रोख मिळायचा भाग लहान होता. व्यापाऱ्यांच्या वहीचा डोळा होता तो त्याच भागावर. करारातच व्यापाऱ्यांची देणी लिहायला वॉशिंग्टनची आता हरकत होती. म्हणून ट्रॅव्हर्स दे स्यूला वेगळीच तजवीज झाली. पुढारी कराराच्या दोन प्रतींवर सही करून वळले, की त्यांना एका पिंपावर ठेवलेल्या तिसऱ्या कागदाकडे नेण्यात येत होतं. तो कागद मोठ्याने वाचला गेला नाही, त्याचा अनुवाद करून सांगितला गेला नाही. कराराचीच आणखी एक प्रत आहे, अशी आपली समजूत होती, असं पुष्कळांनी नंतर सांगितलं. त्यात लिहिलं होतं, की मिळणाऱ्या रोख पैशातून व्यापाऱ्यांची आणि मिश्रवंशीय नातलगांची देणी आधी चुकती करावीत. व्यापाऱ्यांच्या नावे दोन लाख डॉलरांहून अधिक मांडलेले होते. डकोटांना रोख मिळायच्या सुमारे ४,७५,००० डॉलरपैकी सुमारे १,४५,००० डॉलरचं येणं एकट्या सिबलीने कंपनीच्या नावे लावलं. हे येणं म्हणजे आधीच्या वर्षांत दिलेली, न फिटलेली उधारी.

मी आयुष्यभर कागद तपासले आहेत. एखाद्या व्यवहारात पैसे देणाऱ्याचा सल्लागार, घेणाऱ्याचा मध्यस्थ आणि तिसऱ्या रकमेचा धनको ही एकच व्यक्ती असेल, तर पुढचं काही न बघता तो व्यवहार बाजूला काढून ठेवावा लागतो. १८५१ साली सिबली टेरिटरीचा काँग्रेसमधला प्रतिनिधी होता, त्या कराराच्या मंजुरीसाठी वॉशिंग्टनमध्ये तोच खटपट करत होता, डकोटांचा जुना स्नेही म्हणून तंबूतही तोच होता, आणि वहीही त्याचीच. सिनेटने करार मंजूर करताना डकोटांसाठी राखलेली जमीन, म्हणजे मिनेसोटा नदीच्या दोन्ही काठांची दहा-दहा मैलांची पट्टी, कलमातून काढूनच टाकली. बदललेल्या कागदावर पुन्हा सह्या घेण्याचं काम सिबलीचा कट्टर प्रतिस्पर्धी हेन्री राइस याने केलं. राजकारणातली भांडणं अशा वेळी आड आली नाहीत. पट्टी राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर तात्पुरती वापरू दिली गेली. १८५२ च्या हिवाळ्यात पैसे वाटायची वेळ आली, तेव्हा माझाशा म्हणजे रेड आयर्न या सिसिटन पुढाऱ्याने पैसे आधी आमच्या हाती द्या, देणी आम्ही पाहू, असा आग्रह धरला. रॅम्झीने त्याला कोठडीत टाकलं. पुढे सिनेटने चौकशी केली आणि रॅम्झीला निर्दोष ठरवलं.

आपल्या मुलांच्या आजी-आजोबांना हे समजवायला फार शब्द लागणार नाहीत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि रोखे बाहेर काढून जाळले. वही कुणाच्या हातात आहे, त्यावर जमीन कुणाची हे ठरतं, ही गोष्ट दख्खनच्या कुणब्याला पाठ होती. फरक मोठा आहे, तोही मुलांना सांगा. सुप्याचा सावकार कायदे करणाऱ्या सभेत बसलेला नव्हता, आणि त्या दंग्यांनंतर चौकशी होऊन १८७९ साली शेतकऱ्यांच्या बाजूने कायदा तरी झाला. सिबली सभेत बसलेला होता.

त्याच्या राज्यकारभाराबद्दल थोडक्यात. १८५७ ला राज्यघटना लिहायला जमलेले डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एका खोलीत बसायलाच तयार नव्हते. दोन वेगळ्या सभा भरल्या, डेमोक्रॅटांच्या सभेचा अध्यक्ष सिबली. निवडणुकीत त्याने रॅम्झीला १७,७९० विरुद्ध १७,५५० मतांनी, म्हणजे अवघ्या २४० मतांनी हरवलं. ११ मे १८५८ रोजी मिनेसोटा राज्य झालं. रेल्वे कंपन्यांना पन्नास लाख डॉलरच्या रोख्यांची मदत द्यायची, यावरून त्याने तारण पक्कं असल्याशिवाय रोखे देणार नाही अशी भूमिका घेतली. न्यायालयाने ती मोडून काढली, रेल्वे झाली नाही आणि रोखे बुडाले. तारणाबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मी मोकळेपणाने म्हणेन. राज्याच्या मुद्रेवर त्याच्या काळात आलेलं चित्र, नांगरणारा वसाहतकरी आणि घोड्यावरून निघून जाणारा मूळ रहिवासी, २०२४ पर्यंत टिकलं. या वर्षांत लोकसंख्या दीड लाखावर गेली होती, आणि १८५८ साली डकोटांची पट्टीही अर्धी झाली.

आता १८६२.

त्या उन्हाळ्यात ठरलेले वार्षिक पैसे उशिरा आले. गोदामात धान्य होतं, पण पैसे येईपर्यंत उधार द्यायला व्यापारी तयार नव्हते. अँड्र्यू मायरिक या व्यापाऱ्याने भुकेलेल्या लोकांना गवत खायला सांगितलं. १८ ऑगस्टला युद्ध पेटलं, तेव्हा पहिल्या हल्ल्यातच लोअर एजन्सी या डकोटांसाठीच्या सरकारी ठाण्यावरची व्यापारी दुकानं होती, आणि मायरिक त्याच दिवशी मारला गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत शेकडो वसाहतकरी, त्यांत बायका-मुलंही, मारले गेले. हे मुलांपासून लपवू नका. त्या घरांतली माणसं निरपराध होती.

रॅम्झी आता राज्याचा गव्हर्नर होता. त्याने सैन्याचा प्रमुख म्हणून सिबलीला नेमलं. सिबलीला लष्करी अनुभव नव्हता, पण डकोटांना ओळखणारा माणूस म्हणून ही निवड. बर्च कूलीच्या लढाईनंतर त्याने काठीला चिठ्ठी बांधून डकोटांचा नेता ताओयातेदूता, म्हणजे लिटल क्रो, याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. दोघे जुने ओळखीचे. १८५१ च्या मेंडोटा करारावर लिटल क्रोची सही आहे. युद्ध का सुरू केलंत, या प्रश्नाला त्याने जे उत्तर धाडलं, ते वर्गात वाचावं अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यात तो सरकारी एजंट गॅलब्रेथचं नाव घेतो आणि मग व्यापाऱ्यांची : मायरिक, फोर्ब्स, रॉबर्ट. यातला विल्यम फोर्ब्स एकेकाळी मेंडोटाला सिबलीच्याच हाताखाली तयार झालेला. लिटल क्रोने उत्तर धाडलं ते एका सेनापतीला, पण त्याच्या मजकुरात सगळी तक्रार दुकानाच्या गल्ल्यावरची आहे.

२३ सप्टेंबरला वुड लेकला डकोटांचा पराभव झाला. तीन दिवसांनी डकोटांनी धरलेले २६९ ओलीस सुटले. त्या सुटकेत युद्धाला विरोध करणाऱ्या डकोटांचा मोठा वाटा होता. आणि त्यानंतर लगेच सिबलीने लष्करी आयोग नेमला. ३९२ जणांवर खटले चालले. काही खटले पाच मिनिटांत आटोपले. आरोपींना वकील नव्हता. ३०३ जणांना फाशी सुनावली गेली. आयोगाचा अध्यक्ष होता कर्नल विल्यम क्रुक्स. त्याचे वडील रॅम्झी क्रुक्स म्हणजे अमेरिकन फर कंपनीचे अध्यक्ष, सिबलीचे एके काळचे मालक. म्हणून म्हणतो, वही १८६२ पर्यंत पोहोचते. डकोटांच्या गुन्ह्यांचा निवाडा करायला जे बसले, त्यांच्या घरात तोच व्यापार पिढीजात होता.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी कागद मागवून घेतले आणि यादी ३९ वर आणली. एकाला अखेरच्या क्षणी सूट मिळाली. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅन्केटोला ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिली गेली. ज्यांच्यावर काहीच आरोप नव्हता असे सोळाशेच्या आसपास लोक, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, फोर्ट स्नेलिंगच्या खाली नदीकाठी कुंपणात हिवाळाभर ठेवले गेले. त्यातले शंभराहून अधिक, काही अंदाजांनुसार तीनशेपर्यंत, तिथेच मेले. मेंडोटाच्या घरापासून ती जागा नदीपलीकडे आहे. १८६३ मध्ये काँग्रेसने डकोटांचे करार रद्द केले आणि त्यांना राज्याबाहेर घालवलं. व्याज बंद झालं. त्या उन्हाळ्यात सिबली, आता ब्रिगेडियर जनरल, त्यांच्या मागावर डकोटा टेरिटरीत गेला.

नंतरची अठ्ठावीसेक वर्षं तो सेंट पॉलमध्ये सन्मानाने जगला. बँका, गॅस कंपनी, विद्यापीठाचं विश्वस्तपद, इतिहास मंडळाचं अध्यक्षपद. १८९१ मध्ये वारला. एक काउंटी, एक राज्य उद्यान त्याच्या नावाने आहे, हेस्टिंग्ज गावाला त्याचं मधलं नाव दिलेलं आहे. मेंडोटा हाइट्सच्या हायस्कूलने त्याचं नाव २०२१ मध्ये बदलून टू रिव्हर्स केलं. नाव काढावं की ठेवावं यावर मी इथे लिहीत नाही. पाटी बदलली तरी वही शिकवावीच लागेल.

आणि ती आपण का शिकवायची? आपण राहतो तिथे. ईगन, बर्न्सव्हिल, ईडन प्रेअरी, प्लिमथ, ज्या मेपल ग्रोव्हच्या मंदिरात आपण गणपतीला जातो ते गाव, हे सगळं १८५१ मध्ये गेलेल्या जमिनीवर आहे. वुडबरीवाल्यांचं १८३७ मध्ये गेलं. घर घेताना आपण सगळ्यांनी मालकीहक्काची साखळी तपासून घेतली आणि त्यासाठी पैसेही मोजले. त्या साखळीची पहिली कडी सेंट पीटरजवळच्या पिंपावरचा कागद आहे. आपल्याला इथे कुणी गुन्हेगार म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण आपल्या मुलांना शिवकालीन सनदा-वतनांचे कागद वाचायला शिकवणाऱ्या शाळेने, मुलं झोपतात त्या जमिनीचा कागद टाळू नये.

तर माझ्या मागण्या. सहल एका दिवसाची न ठेवता दोन शनिवारांची करा. पहिल्या शनिवारी सेंट पीटरला ट्रॅव्हर्स दे स्यूच्या जागी जाऊ. तिथे करार-इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथे मुलांना तीन कागद द्यावेत, दोन मोठ्याने वाचावेत आणि तिसरा न वाचता सही मागावी. दुसऱ्या शनिवारी मेंडोटा, आणि पुलावरून फोर्ट स्नेलिंग. एकाच दिवशी दोन्ही बघितल्याशिवाय अंतर किती कमी आहे हे कळत नाही. मॅन्केटो या वर्षी नको. त्यासाठी मुलं दोन वर्षं मोठी होऊ देत. पालकांची ती भीती रास्त आहे.

बोलायला डकोटा समाजातली व्यक्ती बोलवावी आणि तिला मानधन द्यावं. चहा-पोह्यांवर भागवू नये. डकोटा इथून संपले, असं मुलांच्या मनात राहता कामा नये. लोअर सू आणि अप्पर सू हे डकोटा समाज (सू हे डकोटांचंच दुसरं नाव) मिनेसोटा नदीकाठी आज नांदते आहेत. लोअर सू एजन्सीच्या जागेवरची जमीन २०२१ मध्ये आणि अप्पर सू एजन्सीचं राज्य उद्यान २०२४ मध्ये सरकारने त्यांना परत केलं. पत्रव्यवहार कुणी करायचा हे ठरत नसेल तर तो माझ्याकडे द्या.

वर्गात वाटायचं मराठी टिपण मी लिहून देतो : उधारीच्या खात्याचा एक नमुना, १८५१ च्या दोन्ही करारांचे आकडे आणि लिटल क्रोच्या पत्राचा अनुवाद. पाचवी-सहावीच्या मुलांना टक्केवारी येते, तेवढं पुरेसं आहे. टिपण आधी शिक्षकांनी तपासावं, जड वाटेल ते काढावं. सूचनेतली 'पहिल्या गव्हर्नरचं घर' ही ओळ तेवढी बदलून 'फर व्यापारी, टेरिटरीचा प्रतिनिधी आणि पहिला राज्य गव्हर्नर हेन्री सिबली याचं घर आणि कचेरी' अशी करावी. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ईगनचा एक पालक